परदेशात दत्तक गेलेली किशोरवयीन मुलं, शाळेतला छळ आणि मनाचं आरोग्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरचे प्रश्न मुख्यतः दोन प्रकारच्या लोकांकडून येतात. पहिले म्हणजे अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेले मराठी आईबाप. त्यांनी भारतातून मूल दत्तक घेतलं आणि ते आता बारा-तेरा-पंधरा वर्षांचं झालंय. दुसरे म्हणजे स्वीडन, डेन्मार्क, इटली, स्पेनमधले मराठी रहिवासी. त्यांच्या ओळखीच्या एखाद्या गोऱ्या घरात पुण्या-मुंबईच्या शिशुगृहातून गेलेलं मूल वाढतंय. एकच गोष्ट दहा जण दहा तऱ्हांनी विचारतात, म्हणून प्रश्न एकत्र केले आहेत. एका उत्तरातलं दुसऱ्यात पुन्हा लिहिलेलं नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दत्तक मुलांना खरंच जास्त त्रास दिला जातो, की आम्हीच जास्त हळवे झालोय?

फिनलंडमधल्या संशोधकांनी परदेशातून दत्तक आलेल्या शाळकरी मुलांनाच हा प्रश्न थेट विचारला होता. सुमारे पाचांतल्या एकाने आपला छळ झाल्याचं सांगितलं. म्हणजे तुम्ही हळवे झालेले नाही. उरलेल्या चौघांचं बरं चाललंय हेही त्याच आकड्यात आहे, तेव्हा प्रत्येक गप्प दुपारीमागे छळच शोधू नका.

आमच्या मते संख्येपेक्षा महत्त्वाचं आहे ते टोमण्यात काय असतं हे. जाडेपणावरून किंवा चष्म्यावरून चिडवलेलं मूल घरी येतं तेव्हा घर हा त्याचा आसरा असतो. 'तुझ्या खऱ्या आईने तुला का टाकलं?' हे ऐकून आलेल्या मुलीसाठी घर हाच त्या प्रश्नाचा विषय झालेला असतो. दार उघडणाऱ्या आईला बघून तिला बरंही वाटतं आणि तोच प्रश्न पुन्हा आठवतो. म्हणून ती घरी बोलत नाही.

२. मुलं एकमेकांना चिडवतातच. छळ कधी म्हणायचा?

नॉर्वेतल्या बर्गेनचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी सत्तरच्या दशकापासून या विषयाचा अभ्यास केला. त्यांच्या तीन कसोट्या आजही वापरल्या जातात: त्रास मुद्दाम दिलेला असतो, पुन्हा पुन्हा दिला जातो, आणि सोसणाऱ्याला परतवता येत नाही इतका दोघांच्या ताकदीत फरक असतो. ही ताकद अंगाचीच असते असं नाही. वर्गात वीस मुलं एका रंगाची आणि एकच वेगळी, हासुद्धा ताकदीतला फरकच.

एक अपवाद लक्षात ठेवा. रंग, वंश किंवा दत्तक असण्यावरून दिलेली शिवी एकदाच दिली असली तरी ती नोंदवायची. 'पुन्हा झालं तर बघू' असं शाळेने म्हटलं तर ते मान्य करू नका.

३. दत्तक आहे म्हणजे पुढे मानसिक त्रास होणारच का?

नाही. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाच्या फेमी युफर आणि मारिनुस व्हॅन आयझेंडोर्न यांनी अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून २००५ मध्ये निष्कर्ष मांडले. परदेशातून दत्तक आलेली बहुसंख्य मुलं नीट रुळलेली होती, आणि देशातल्या देशात दत्तक गेलेल्या मुलांच्या तुलनेत त्यांच्या वागणुकीच्या तक्रारी कमीच होत्या. मानसोपचारांकडे मात्र ती जास्त प्रमाणात पाठवली जात होती. दत्तक पालक मदत लवकर मागतात हे त्याचं एक कारण असू शकतं, आणि ते वाईट नाही.

दुसरी बाजूही झाकून ठेवता येत नाही. स्वीडनमध्ये सत्तरच्या दशकात जन्मलेल्या अकरा हजारांहून अधिक आंतरदेशीय दत्तक मुलांच्या सरकारी नोंदी आंदेश यर्न आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. २००२ च्या त्या अभ्यासात आत्महत्येचा प्रयत्न आणि मानसिक आजारासाठी रुग्णालयात दाखल होणं या दोन्हींचं प्रमाण इतर स्वीडिश मुलांच्या तिपटीहून जास्त निघालं. मूळ प्रमाणच लहान असल्यामुळे तिप्पट होऊनही बहुतेकांच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. पण 'वयाचा परिणाम आहे, जाईल आपोआप' म्हणत वाट बघत बसायला इथे जागा नाही. तातडीच्या वेळी काय करायचं ते प्रश्न १५ मध्ये आहे.

४. लहानपणी सगळं छान होतं. तेराव्या वर्षीच असं काय झालं?

तीन गोष्टी एकाच सुमारास घडतात. पहिली सगळ्यांना माहीत असते: या वयात प्रत्येक मूल 'मी कोण' विचारतं, आणि दत्तक मुलाच्या उत्तरातली काही पानं कोरी असतात.

दुसरी फारशी बोलली जात नाही. चार वर्षांची सावळी मुलगी गोऱ्या आईचा हात धरून दुकानात जाते तेव्हा लोक कौतुकाने बघतात. आईबापांचा रंग तिच्यावर छत्रीसारखा असतो. पंधराव्या वर्षी ती एकटी बसमध्ये चढते तेव्हा ती छत्री नसते. लोकांना दिसते ती एक परकी मुलगी. दुकानातला रखवालदार मागे मागे फिरतो, शेजारच्या सीटवरचा माणूस पिशवी जवळ ओढतो. घरी कुणी या अनुभवातून गेलेलं नसतं, त्यामुळे 'तुझा गैरसमज झाला असेल' असं उत्तर मिळतं. असं दोनदा झालं की मूल सांगणं सोडून देतं.

तिसरी गोष्ट सुरुवातीच्या महिन्यांशी जोडलेली आहे. रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याच्या काळातल्या अनाथालयांतून ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा अभ्यास ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी सुरू केला आणि तो ती मुलं मोठी होईपर्यंत चालला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांहून जास्त काळ तिथे काढलेल्यांत चिंता आणि उदासीसारख्या भावनिक तक्रारी किशोरवयाच्या अखेरीस आणि तरुणपणी वाढल्या होत्या. आपल्याकडची शिशुगृहं म्हणजे तो रोमानिया नव्हे. तरीही 'लहानपणी काही नव्हतं, म्हणजे आता नसणारच' असं धरून चालता येत नाही.

५. मूल काहीच सांगत नाही. ओळखायचं कसं?

रविवारी रात्री किंवा सोमवारी सकाळी दुखणारं आणि सुट्टीत न दुखणारं पोट. जुने भारतातले फोटो अचानक भिंतीवरून काढणं. गोरं करणारं क्रीम मागणं, उन्हात जायला नकार, पूर्ण बाह्यांचे कपडे. 'मला शाळेत घ्यायला येऊ नका' हे वाक्य. ते सगळ्याच किशोरांचं असतं, पण इथे आईबापांना आणि मुलाला एकत्र बघून कुणीतरी काही बोललेलं असू शकतं. डबा परत येणं, पैसे 'हरवणं', मोबाइल वाजला की चेहरा उतरणं या खुणा इतर मुलांसारख्याच.

थेट 'तुला कुणी त्रास देतं का?' विचारलं तर बहुधा 'नाही' येईल. गाडीत, भांडी घासताना, चालताना विचारा. डोळ्यांत डोळे घालून बसवून नको. 'तुमच्या वर्गात रंगावरून कोण कुणाला बोलतं?' असा इतरांबद्दलचा प्रश्न जास्त उघडतो.

६. मुलीने एकदाचं सांगितलं. आता पहिलं काय बोलू?

हा प्रश्न आम्ही सगळ्यात महत्त्वाचा मानतो. तिने पुढच्या वेळी सांगायचं की नाही, ते इथेच ठरतं.

आधी ऐका, मध्ये बोलू नका. मग म्हणा, 'हे वाईट झालं. यात तुझी काही चूक नाही. सांगितलंस ते बरं केलंस.' ज्याला वंशद्वेष म्हणतात त्याला तोच शब्द वापरा. 'त्यांना समजत नाही गं' म्हणून गुळमुळीत करू नका. नंतर विचारा, 'मी काय करावं असं तुला वाटतं?' लगेच शाळेला फोन लावायला उठू नका.

आता मराठी घरांतून हमखास निघणारी वाक्यं. 'दुर्लक्ष कर.' तिने महिनाभर तेच केलेलं असतं. 'अभ्यासात पुढे जाऊन दाखव.' म्हणजे मान हवा तर गुण मिळव. 'आम्ही तुझ्यावर किती प्रेम करतो!' खरं आहे, पण तिने प्रेमाबद्दल तक्रार केलेली नव्हती. आणि सगळ्यात घातक: 'तुला आणलं नसतं तर आज कुठे असतीस?' हे बहुधा आजी किंवा आत्या बोलते, भल्या मनाने. त्यातून मुलीला कळतं की तिने उपकाराखाली राहायचं आणि तक्रार करायची नाही. शाळेतल्या मुलांनी जे सांगितलं तेच घरच्यांनी मऊ आवाजात सांगितलेलं असतं. हे वाक्य घरात बंद करा, आणि आजीशी ते तुम्ही बोला, मुलीला बोलायला लावू नका.

७. 'तुझी खरी आई कोण?', 'तुला किती पैशाला घेतलं?' अशा प्रश्नांना मुलाने काय उत्तर द्यावं?

अमेरिकेतली सेंटर फॉर अडॉप्शन सपोर्ट अँड एज्युकेशन ही संस्था मुलांना चार वाटा शिकवते: निघून जायचं, 'हे खासगी आहे' म्हणायचं, थोडंसं सांगायचं, किंवा दत्तक म्हणजे काय ते समजावायचं. कुठली वाट कधी, हे मूल ठरवतं. आम्हाला ही पद्धत आवडते, कारण तिच्यात उत्तर देणं सक्तीचं नाही. आपल्याकडे मोठ्यांनी विचारलं की उत्तर द्यायचंच असं वळण असतं. या एका बाबतीत ते मोडायला हरकत नाही.

वाक्यं घरी मोठ्याने म्हणून बघा. 'मला वाढवते ती माझी आई' किंवा 'ते मी फक्त जवळच्यांना सांगते' अशी छोटी वाक्यं जिभेवर बसली की ऐन वेळी आठवतात. चुरचुरीत उत्तरं पाठ करून देऊ नका, त्याने भांडण वाढतं.

८. शाळेकडे तक्रार कशी करायची? कायद्याचा आधार आहे का?

लेखी करा. तारीख, जागा, कोण होतं, आणि उच्चारलेले शब्द जसेच्या तसे, शिवीसकट. 'अपशब्द वापरले' असं सौम्य करून लिहिलं तर तक्रारही सौम्य होते.

अमेरिकेत केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या शाळांना १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण लागू आहे. त्यात वंश, रंग आणि मूळ देश यांवरून होणारा भेदभाव येतो. ब्रिटनमध्ये २०१० चा इक्वॅलिटी ॲक्ट, म्हणजे समानता कायदा, आहे. स्वीडनच्या शिक्षण कायद्यानुसार छळाची कुणकुण लागलेल्या कर्मचाऱ्याने मुख्याध्यापकांना कळवणं आणि मग तातडीने चौकशी होणं बंधनकारक आहे.

इथली गोम अशी की अमेरिका आणि ब्रिटनच्या या कायद्यांच्या यादीत 'दत्तक असणं' हा वेगळा आधार नाही. म्हणून फक्त 'दत्तक असल्यावरून चिडवतात' लिहून थांबू नका. रंग, देश, वंश यांचा उल्लेख टोमण्यात असेल तर तो अर्जात पहिल्या ओळीत आला पाहिजे.

आणि हो, दोघा मुलांना समोरासमोर बसवून 'हात मिळवा' करण्याचा प्रस्ताव शाळेने मांडला तर नकार द्या. बरोबरीच्या भांडणाला तो उपाय ठीक आहे, छळाला नाही.

९. आम्ही मराठी, मूलही भारतीय. मग आमच्या घरात वंशभेदाचा प्रश्न कुठे येतो?

येतो, आणि बाहेरच्यापेक्षा जास्त बोचतो. गोऱ्या घरातल्या दत्तक मुलाचं वेगळेपण उघड दिसतं. तुमच्या मुलीचं पटकन दिसत नाही, म्हणून लोक ते शोधत बसतात. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत 'नाक कुणाचं गं हिचं?' विचारलं जातं. सावळी असेल तर 'तुमच्या दोघांत इतकं सावळं कुणी नाही.' मग आवाज खाली आणून, 'मुळची कुठली, काही कळलं का?' या 'मुळची कुठली'त गाव कमी आणि जात जास्त असते, हे आपल्याला माहीत आहे. मोठ्यांची ही कुजबुज मुलं ऐकतात, आणि पुढच्या रविवारी मराठी शाळेच्या मधल्या सुट्टीत तीच दगडासारखी फेकतात. भारतीय मुलांनी केलेला छळ पालक फार उशिरा मान्य करतात. 'आपलीच तर मुलं आहेत' हे आड येतं.

काय करायचं? मंडळात एकदा स्पष्ट सांगा: 'तिच्या जन्माची माहिती तिची आहे, आम्ही सांगणार नाही.' हसून सांगा, पण दुसऱ्यांदा विचारलं तर न हसता. जातीच्या प्रश्नाला 'आमचीच' एवढं उत्तर पुरे असं काही पालक मानतात. आम्हाला ते पटत नाही, कारण त्यातून जात महत्त्वाची आहे हे मुलीपर्यंत पोचतंच. 'हा प्रश्न आमच्या घरात विचारत नाहीत' जास्त बरं. आणि स्वतःच्या घरातली हळद-बेसनाची उटणी, 'उन्हात काळी होशील', 'फोटोत उजळ आलीस' ही भाषा आधी आवरा.

गोऱ्या घरात वाढणाऱ्या भारतीय मुलांना उलटा त्रास असतो: भारतीय मुलं त्यांना 'कोकोनट' म्हणतात, बाहेरून तपकिरी आणि आतून पांढरे. हिंदी येत नाही, भात हाताने कालवता येत नाही म्हणून हसतात. तिथे तुम्ही काय करू शकता ते प्रश्न १७ मध्ये आहे.

१०. मुलगी दहाच वर्षांची आहे, पण शरीर मोठं दिसतं. त्यावरून मुलं फार बोलतात.

याची नोंद चाळीसेक वर्षांपासून आहे. स्वीडनमधल्या संशोधक प्रूस आणि सहकाऱ्यांनी भारतातून दत्तक आलेल्या १०७ मुलींचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांची पहिली पाळी येण्याचं मधलं वय ११.६ वर्षं होतं. स्वीडिश मुलींत ते साधारण १३ असतं. बाळपणी कुपोषित राहिलेल्या मुलीची नव्या घरी झपाट्याने वाढ होते, आणि ती वाढ लवकर वयात येण्याशी जोडली जाते. लवकर वयात आल्यामुळे उंचीही लवकर थांबते. म्हणजे दहाव्या वर्षी 'केवढी मोठी' आणि पंधराव्या वर्षी 'केवढी बुटकी', दोन्हीकडून बोलणी.

आठव्या वर्षाआधी मुलीत किंवा नवव्या वर्षाआधी मुलग्यात वयात येण्याची चिन्हं दिसली तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. हार्मोन्सच्या तज्ज्ञांकडे पाठवायची गरज आहे का ते तेच सांगतील. त्याआधी मुलीला पाळीबद्दल सांगून ठेवा, 'अजून लहान आहे' म्हणत थांबू नका.

शिशुगृहात सापडून आलेल्या मुलांची जन्मतारीख अनेकदा डॉक्टरांनी अंदाजाने लिहिलेली असते. त्यामुळे 'हिचं वय खोटं आहे' हा टोमणा खेळाच्या मैदानावर येतो. कागदावरची तारीख हीच कायदेशीर तारीख, एवढं मुलीला आणि प्रशिक्षकाला ठाऊक असू द्या.

११. शाळेत वंशवृक्ष काढायला सांगितलाय. दांडी मारू द्यावी का?

नको. शिक्षकांना आधी भेटा. 'माझ्या आयुष्यातली माणसं' असा पर्याय सगळ्या वर्गाला द्यायला सांगा, फक्त तुमच्या मुलाला नको, नाहीतर तोच वेगळा पडतो. जीवशास्त्रात डोळ्यांचा रंग, रक्तगट आईबापांशी जुळवायचा धडा येतो तेव्हाही हेच. डॉक्टरांच्या फॉर्मवर कौटुंबिक आजारांपुढे 'माहिती उपलब्ध नाही' लिहायचं, आणि मूल शेजारी असताना सहजपणे लिहायचं.

१२. वर्गातला एकजण म्हणाला, 'तुला परत पाठवतील.' मुलगा रात्री झोपत नाही.

याला धीर नको, कागद दाखवा. अमेरिकेत २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू झालेल्या चाइल्ड सिटिझनशिप ॲक्टनुसार, आईबापांपैकी एक अमेरिकी नागरिक असेल, दत्तकविधी पूर्ण झाला असेल आणि मूल कायम निवासी म्हणून त्यांच्याकडे राहत असेल, तर अठरा वर्षांआधी त्याला नागरिकत्व आपोआप मिळतं. पासपोर्ट किंवा नागरिकत्वाचं प्रमाणपत्र त्याच्या हातात द्या, वाचू द्या.

अपवाद महत्त्वाचा आहे. मराठी आईबाप दोघेही अजून ग्रीन कार्डावर असतील तर मूल नागरिक झालेलं नाही. मुलाच्या अठराव्या वाढदिवसाआधी तुमच्यापैकी एकाने नागरिकत्व घेतलं तर मार्ग सोपा राहतो. मूल सोळाचं झालं असेल तर या महिन्यातच इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा. आणि मुलाला खोटा दिलासा देऊ नका. 'काम चालू आहे, हे बघ अर्ज' असं खरं सांगा.

१३. बातम्या बघून मुलं म्हणतात, 'तुला चोरून आणलं.' काय सांगायचं?

हा प्रश्न गेल्या काही वर्षांत वाढलाय, आणि कारण आहे. नेदरलँड्सने २०२१ मध्ये, दत्तकातल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या यूस्ट्रा समितीच्या अहवालानंतर, परदेशातून दत्तक घेणं स्थगित केलं. जानेवारी २०२४ मध्ये डेन्मार्कमधल्या एकमेव मध्यस्थ संस्थेने काम गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. स्वीडनच्या चौकशी आयोगाने २०२५ मध्ये ही पद्धत बंद करण्याची शिफारस केली. भारतातही गैरप्रकार झाले आहेत. पुण्यातल्या एका संस्थेविरुद्ध सीबीआयने २०१० मध्ये गुन्हा नोंदवला होता.

म्हणून 'असं काही होतच नाही' म्हणू नका. मूल दोन मिनिटांत शोधून काढेल. सांगायचं ते असं: काही मुलांच्या बाबतीत फसवणूक झाली, त्यांच्यावर अन्याय झाला. तुझ्या फाइलमध्ये काय आहे ते आपण एकत्र बघू. १९८४ च्या लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी दत्तकासाठी नियम घालून दिले, आणि भारतात २००३ पासून आंतरदेशीय दत्तकाबाबतचा आंतरराष्ट्रीय हेग करार लागू आहे. आज किशोरवयात असलेल्या मुलांची कागदपत्रं त्यामुळे बहुतेक वेळा जास्त व्यवस्थित असतात. फाइलमध्ये खरंच काही खटकलं तर ते लपवू नका, पुढचा प्रश्न बघा.

१४. मुलगी म्हणते, 'मला भारतात जाऊन जन्मदात्या आईला शोधायचंय.' छळापासून पळतेय का?

कदाचित. तरी इच्छा खरी असू शकते. भारताच्या दत्तक नियमांनुसार अठरा वर्षांवरची व्यक्ती मूळ शोधण्यासाठी स्वतः अर्ज करू शकते. त्याआधी दत्तक आईबापांसोबत मिळून अर्ज करावा लागतो. तिसऱ्या कुणाला हा शोध घेता येत नाही, त्यामुळे पुण्यातल्या मामांना शिशुगृहात चौकशीला पाठवू नका. मूल सोपवताना आईने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तिची संमती लागते. मूल सापडलेलं असेल तर कागदांत नाव नसतंच.

सहल काढायची तर छळ थांबल्यावर, आणि शोधाच्या आशेवर नको. पुणे बघा, मिसळ खा, जमलं तर आधी वेळ घेऊन शिशुगृहाला भेट द्या. दारापर्यंत जाऊन तिला आत जावंसं वाटलं नाही तर परत फिरा.

१५. तो म्हणाला, 'मी नसतो तर बरं झालं असतं.' आणि 'कुणाला सांगू नकोस' म्हणाला.

हे गुपित ठेवायचं नाही. त्याला तसं सांगा: 'हे एकटं मी सांभाळणार नाही, पण कुणाशी बोलायचं ते आपण मिळून ठरवू.' आत्महत्येचा विचार येतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि धोक्याच्या वस्तू कुलपात ठेवा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. धोका समोर दिसत असेल तर त्या देशाचा आपत्कालीन क्रमांक लावा.

बोलण्यासाठी: अमेरिका आणि कॅनडात ९८८, ब्रिटनमध्ये मुलांसाठी ०८०० ११११, ऑस्ट्रेलियात १३ ११ १४, स्वीडन-डेन्मार्कसह युरोपातल्या बऱ्याच देशांत मुलांसाठी ११६ १११, भारतात टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन १४४१६.

फक्त छळाची गोष्ट गुप्त ठेवायला सांगितली असेल आणि जिवाला धोका नसेल, तर त्याला थोडा वेळ द्या. काय सांगायचं आणि काय नाही, ते त्याच्याशी ठरवूनच शाळेत जा. समुपदेशक निवडताना पहिल्याच फोनवर विचारा: 'दत्तक मुलांबरोबर काम केलंय का? वंशद्वेषाबद्दल मुलांशी कसं बोलता?' दुसऱ्या प्रश्नावर समोरचा चाचरला तर दुसरा शोधा.

१६. मी पंधरा वर्षांची आहे. मला त्रास देत होते म्हणून मीही एका मुलीला त्रास द्यायला लागले. मी वाईट आहे का?

नाही. पण ते थांबवायला हवं, आणि तुला ते कळलंय म्हणूनच तू लिहिलंस. आपल्यावरचं लक्ष दुसऱ्यावर वळवलं की थोडं सुटल्यासारखं वाटतं, असं अनेकांचं होतं. त्या मुलीला एकदा साधं 'सॉरी' म्हण, ग्रुपमधले तिच्याबद्दलचे मेसेज काढून टाक, आणि तुला त्रास देणारे मेसेज मात्र पुसू नकोस, त्यांचे स्क्रीनशॉट घेऊन जपून ठेव. तुझा खासगी फोटो कुणी पसरवत असेल तर 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी आहे, तिथे फोटो कुणाला पाठवावा लागत नाही. मग एका मोठ्या माणसाला दोन्ही गोष्टी सांग, तुझ्यावर झालेली आणि तू केलेली. फक्त एक सांगितलीस तर मदत अर्धीच मिळेल.

१७. आमच्या शेजारच्या स्वीडिश घरात पुण्याहून आलेला चौदा वर्षांचा मुलगा आहे. आम्ही काय करू शकतो?

त्याला गणपतीला बोलवा, पण पाहुणा म्हणून मिरवू नका. 'मराठी बोलून दाखव' नको, 'बिचारा' तर मुळीच नको. तुमच्या मुलांना आधीच सांगून ठेवा की त्याच्या जन्माबद्दल विचारायचं नाही. ताट वाढताना तिखट किती चालतं ते विचारा, बस. घरात त्याच्यासारखा दिसणारा, नोकरी करणारा, विनोद करणारा एखादा काका असणं ही त्याच्यासाठी मोठी गोष्ट असू शकते.

कधी त्याचे आईबाप मराठीतले जुने कागद वाचून द्यायला सांगतील. आधी ते एकट्या आईबापांना वाचून द्या, मुलासमोर नको. आहे तेवढंच सांगा, पोलीस ठाण्याचं नाव, तारीख, सही. 'असं झालं असेल' अशी भर घालू नका, आणि कागदावरच्या पत्त्यावर फोन तर करूच नका. मुलाला कधी दाखवायचं ते आईबाप ठरवतील. दाखवताना त्यांनी तुम्हाला बोलावलं तर जा.